पटाशी ग्राइंडरवर निळी पडते, मशीन बदलू की दगड?

रंधा_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, मागच्या शेडमध्ये भावाचं लेथ आहे आणि दोघांत मिळून एकच बेंच ग्राइंडर (दोन्ही टोकांना फिरते दगड असलेलं धार लावायचं मशीन) आहे, सहा इंची, अर्धा एचपी, प्लेटवर २८५० आरपीएम लिहिलंय. दगड मशीनसोबत आलेलेच आहेत, दोन्ही करडे, एक ३६ नंबर आणि एक ६० नंबर. भाऊ त्याचे लेथचे टूल त्यावरच घासतो, त्याची काही तक्रार नाही. पण मी पटाशी (लाकडाची छिन्नी) नाहीतर रंध्याचं पातं लावलं की टोकाला निळा पट्टा येतोच, कितीही हलक्या हाताने धरलं, पाण्यात बुडवलं तरी. आणि एकदा निळी पडली की त्या पटाशीला धार टिकत नाही, सागाला चार खाचा पाडल्या की बोथट. त्यातल्या दोन पटाश्या लोहाराकडून गाडीच्या कमानीच्या पट्टीच्या करून घेतलेल्या आहेत, हातात इतक्या छान बसतात की त्या वाया गेलेल्या मला बघवत नाहीत. वर मशीन थरथरतं पण, टेबलावर ठेवलेले स्क्रू चालायला लागतात.
आता एक जण म्हणतो आठ इंची घे, दुसरा म्हणतो १४४० आरपीएमचं स्लो मशीन घे, तिसरा म्हणतो पाण्यात फिरणारी सहाणच घे, बाकी सगळं विसर. पैसे घालायची तयारी आहे पण नक्की कशात घालू ते सांगा. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

टूलरूम_चिंचवड:
दादा, मशीन राहू द्या, दगड बदला. माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलंय आणि मी हे खात्रीने सांगतो, साध्या मशीनवर योग्य दगड असला की काम होतं, पण चांगल्या मशीनवर चुकीचा दगड असला तर पातं जळणारच.
कारण समजून घ्या. दगड म्हणजे बारीक धारदार कण आणि त्यांना धरून ठेवणारा बाँड. कण बोथट झाला की तो सुटून पडायला पाहिजे म्हणजे खालचा नवा कण पुढे येतो. मशीनसोबत जे करडे दगड येतात ते बहुतेक वेळा कडक बाँडचे असतात, कास्टिंगचे कंगोरे काढायला आणि वेल्डिंग साफ करायला ते बरोबर आहेत, तिथे दगड लवकर झिजू नये हीच अपेक्षा असते. पण कडक पोलादाच्या पातळ टोकावर तो कण कापत नाही, नुसता घासतो, आणि घासण्यातून येते ती उष्णता. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवायचे की माल जेवढा कडक तेवढा दगड मऊ घ्यायचा. नवीन माणसाला हे उलटं वाटतं पण असंच आहे.
तुम्हाला पाहिजे पांढरा दगड, म्हणजे व्हाइट अॅल्युमिनम ऑक्साइड. लेबलवर डब्ल्यूए ६० के ५ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातलं डब्ल्यूए म्हणजे पांढरा कण, ६० म्हणजे कणाचा नंबर, के म्हणजे कडकपणा (अक्षर जेवढं पुढचं तेवढा दगड कडक, जे किंवा के घ्या, पी वगैरे बिलकुल नको), ५ म्हणजे कणांची दाटी आणि व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला बाँड. दुकानात नुसतं पांढरा दगड द्या म्हणू नका, लेबल वाचूनच घ्या. आपल्याकडे उरणजवळ मोऱ्याला १९४१ पासून ग्राइंडरचे दगड बनतायत, कार्बोरंडम युनिव्हर्सल या कंपनीचे पण सगळीकडे मिळतात, त्यामुळे शोधत फिरावं लागणार नाही.
आठ इंचीचं म्हणाल तर तुमच्या त्रासावर ते औषधच नाही, उलट २८५० लाच फिरणार असेल तर त्रास वाढेल. हिशोब करून बघा, सहा इंची दगडाचा कडेचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर पडतो आणि तेवढ्याच आरपीएमला आठ इंचीचा पडतो ३० मीटर. १४४० चं आठ इंची मशीन मात्र १५ मीटरच्या आसपास येतं, ते थंड चालतं हे खरं, पण आधी दगड बदलून बघा, बहुतेक ते घ्यायची वेळच येणार नाही.
भावाला त्रास का होत नाही ते पण सांगतो. त्याचं टूल हायस्पीड स्टीलचं असणार, ते ६०० अंशांपर्यंत आपला कडकपणा धरून ठेवतं. तुमची पटाशी कार्बन स्टीलची. ती २२०-२३० अंशांना फिकी पिवळी दिसायला लागते, मग तपकिरी, मग जांभळी आणि ३०० च्या आसपास निळी. निळी झाली म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी (कडकपणा) उतरलं, मग वरून कितीही पॉलिश करा, आतलं लोखंड मऊच राहणार. तो निळा भाग पूर्ण घासून काढायचा आणि मागच्या चांगल्या लोखंडावर नवी धार करायची, दुसरा उपाय नाही. तुमच्या कमानीच्या पटाश्या त्यामुळे वाया गेलेल्या नाहीत, थोड्या आखूड होतील एवढंच.
आणि दगड बदलेपर्यंत निदान आहे त्याला ड्रेसिंग तरी करा. त्याच्या तोंडावर चकाकी आली असेल बघा. डायमंड ड्रेसर नाहीतर स्टार ड्रेसर टेकवून केसभर थर काढला की खाली ताजे कण निघतात. ग्राइंडर आहे आणि ड्रेसर नाही अशी वर्कशॉप बघितली की मला फार वाईट वाटतं.

कोरीवकाम_कुडाळ:
काकांनी दगडाचं सांगितलं ते अगदी बरोबर, मी हाताचं सांगते. मी लाकडी कोरीवकाम करते, माझ्याकडे पण सहा इंचीच मशीन आहे आणि त्यावर पांढरा दगड.
पातळ टोक आधी तापतं कारण उष्णता जायला मागे लोखंडच नसतं. म्हणून मी धारेपासून सुरुवात करतच नाही. आधी पटाशी दगडाला सरळ काटकोनात धरून टोक किंचित बोथट आणि चौकोनात करून घ्यायचं, म्हणजे टोकाला थोडी जाडी राहते. मग रेस्टचा (दगडासमोर टूल टेकवायच्या पट्टीचा) कोन २५ अंशांना लावून मागून घासत पुढे यायचं, पटाशी डावीकडून उजवीकडे सारखी सरकती ठेवायची, एका जागी थांबली की जळली. पुढच्या कडेला चकाकणारी एकदम बारीक रेघ राहिली की ग्राइंडर बंद, ती रेघ ग्राइंडरवर काढायच्या भानगडीत पडू नका. बाकीचं काम तेलाच्या दगडावर ३० अंशांना करायचं. ग्राइंडरने मध्ये हलका खोलगा आलेला असतो त्यामुळे हाताच्या दगडावर फार घासावं लागत नाही, पुढचे काही दिवस नुसत्या हाताच्या दगडावर धार परत येते, ग्राइंडरकडे जावंच लागत नाही.
हातमोजे घालू नका, एकतर ते ओढले जायची भीती आणि दुसरं म्हणजे बोटाला उष्णता कळत नाही. माझं बोट धारेच्या अगदी मागे टेकलेलं असतं, चटका बसायला लागला की लगेच पाण्यात. रंग दिसल्यावर बुडवून उपयोग नाही, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.
अजून एक, ड्रेसिंग करताना दगडाचं तोंड अगदी सपाट न ठेवता मध्यभागी किंचित फुगीर ठेवा. मग एकावेळी पटाशीचा थोडाच भाग टेकतो आणि कोपरे जळत नाहीत. रुंद पात्याला याचा फारच फायदा होतो.

रंधा_सांगली:
काका, ताई, खूप आभार, एवढं सविस्तर कोणी समोर बसवून पण सांगितलं नसतं. टोक आधी चौकोनात करायचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पांढरा दगड आणतो. आता दोन शंका. एक म्हणजे डाव्या बाजूचा नट सुटत नाहीये, पाना लावून दोघांनी जोर केला, अजून जोर करू का? आणि दुसरं म्हणजे भावाची ब्रेझिंगवाली कार्बाइड टूल (लोखंडी दांड्यावर कार्बाइडची कडक टिप झाळून बसवलेली) पण आहेत, ती पांढऱ्या दगडावर चालतील का?

आयटीआय_मास्तर:
जोर अजिबात करू नका!! डाव्या बाजूला उलटे आटे असतात. लक्षात ठेवायला सोपं, दगड ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला नट फिरवला की सुटतो, दोन्ही बाजूंना हेच. म्हणजे पाना वर धरून स्वतःकडे ओढायचा. आणि आधी प्लग काढा, नुसतं बटन बंद करून काम करू नका.
दगड बदलायच्या बाबतीत मी थोडं कडक बोलणार आहे, कारण सेकंदाला २२ मीटर वेगाने फिरणारा दगड फुटला तर तो तुकडा माणूस बघून थांबत नाही. नवा दगड आणला की आधी तो वाजवून बघायचा. मधल्या भोकात बोट घालून लटकवायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ हलकेच टिचकी मारायची, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, मग दगड फिरवून परत. खणखणीत आवाज आला तर चांगला, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, तो दगड परत करा, "हळूच वापरतो" असं मला म्हणू नका. दगड कोरडा पाहिजे, ओला किंवा तेलकट असेल तर आवाज नीट कळत नाही.
मग लेबलवरचा जास्तीत जास्त आरपीएम बघा, तो मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच पाहिजे. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम ३० मध्ये तर प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ दगडाच्या सुरक्षित वेगाची पाटी लावायला सांगितलं होतं. तुमचं वर्कशॉप छोटं असलं तरी लावा, खडूने लिहिली तरी चालेल.
दगडाच्या दोन्ही बाजूंना कागदाची चकती असते ती फाडून टाकू नका, फ्लँजचा (दगडाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्यांचा) दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून ती असते. दगड शाफ्टवर हाताने सहज गेला पाहिजे, ठोकून बसवायचा नाही. नट दगड घट्ट धरेल एवढाच आवळायचा, पान्याला पाइप लावून नाही. टूल रेस्ट आणि दगडातलं अंतर ३ मिमीच्या वर नको, वरच्या जिभेचं (कव्हरच्या तोंडाशी असलेल्या सरकत्या पट्टीचं) ६ मिमीच्या वर नको, आणि दगड झिजेल तसं हे अंतर परत लावत राहायचं. बऱ्याच ठिकाणी हे कोणी करत नाही, मग टूल त्या फटीत ओढलं जातं, बोट त्याच्या मागोमाग जातं. कव्हर काढून मशीन चालवायचं नाही. नवा दगड बसवला की बाजूला उभं राहून एक मिनिट मोकळा फिरवायचा, समोर कोणी उभं राहायचं नाही, पोरंबाळं तर शेडमध्येच नकोत. गॉगल लागतोच, चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.
दगडाच्या सपाट बाजूवर घासू नका, तो दगड त्यासाठी बनलेला नाही. अॅल्युमिनियम, पितळ पण लावू नका, ते कणांत भरून बसतं, मग दगड कापत नाही आणि तापतो. हे भावाला पण सांगा, लेथवाल्यांना जे हातात येईल ते ग्राइंडरला लावायची सवय असते.

लेथ_शिरोली:
कार्बाइडचं मी सांगतो. पांढऱ्यावर लावू नका, कार्बाइडला काही होणार नाही आणि दगड मात्र खड्डे पडून खराब होईल. त्याला हिरवा दगड लागतो, सिलिकॉन कार्बाइड, लेबलवर जीसी असतं. आधी खालचा लोखंडी शँक (दांडा) साध्या दगडावर थोडा जास्त कोन देऊन मागे घ्यायचा, म्हणजे हिरव्यावर फक्त कार्बाइडची टिप टेकेल. आणि गरम टिप पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात, कामात टूल टेकवलं की कपची उडते. हायस्पीडचं टूल पण फार तापलं असेल तर एकदम पाण्यात नको, हवेतच गार होऊ दे. मास्क लावा भावाला सांगा, कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतं, फुप्फुसाला वाईट.
मला विचाराल तर पटाशीसाठी पांढऱ्यापेक्षा सीबीएन व्हील (धातूच्या चाकावर क्युबिक बोरॉन नायट्राइडच्या अतिकडक कणांचा थर असलेलं) घ्या ना, ड्रेसिंगची कटकट नाही, दगड झिजून छोटा होत नाही, फुटायची भीती नाही, थंड चालतं. महाग आहे पण एकदाच.

टूलरूम_चिंचवड:
सीबीएनच्या विरोधात मी नाही, लाकडाच्या लेथची हायस्पीड टूलं रोज लावणाऱ्याला ते फार चांगलं. पण ह्यांच्याकडे दोघांत एक मशीन आहे, आणि त्यावर उद्या कोणीतरी मऊ लोखंड नाहीतर पटाशीची मऊ शेपटी लावली की सीबीएन भरून जाईल आणि पैसे वाया. स्वतंत्र मशीन घेतलं तर जरूर घ्या. आत्ता माझ्या मते डाव्या बाजूला हिरवा आणि उजवीकडे पांढरा ६० लावा, भावाचं हायस्पीड टूल आणि कार्बाइडचा शँक पांढऱ्यावरच होईल. कंगोरे काढायचं, वेल्डिंग घासायचं काम अँगल ग्राइंडरला द्या, या मशीनवर आता फक्त धार.
थरथरीचं राहिलं. दोन्ही दगड, फ्लँज, नट सगळं काढून मोकळं मशीन चालवून बघा आणि इथे सांगा.

रंधा_सांगली:
मास्तर, नट सुटला, पाना स्वतःकडे ओढल्यावर एका झटक्यात. काका, मोकळं चालवून बघितलं, मशीन एकदम शांत, वर नाणं उभं ठेवलं तर पडलं नाही. म्हणजे बेअरिंग ठीक आहे ना? जुन्या दगडाचं भोक मोठं आहे आणि आत प्लास्टिकचे बुश आहेत, ते शाफ्टवर थोडे हलतात.

टूलरूम_चिंचवड:
बेअरिंग आणि शाफ्ट ठीक आहे, दोष बुशमध्ये आहे. बहुतेक दगडांचं भोक ३१.७५ मिमी येतं आणि सहा इंची मशीनचा शाफ्ट बारीक असतो, म्हणून मध्ये बुश लागतो. तो ढिला असला की दगड मधोमध बसत नाही आणि एका बाजूला वजन जातं. भावाकडे लेथ आहेच, त्याच्याकडून अॅल्युमिनियमचे बुश शाफ्टच्या मापाने करून घ्या, शाफ्टवर हाताने सरकतील पण हलणार नाहीत असे, आणि रुंदी दगडापेक्षा किंचित कमी, नाहीतर फ्लँज दगडाऐवजी बुशला आवळेल. पत्र्याचे फ्लँज वाकडे असतील तर ते पण त्याच वेळी करून घ्या, दोन्ही बाजूंचे एकाच व्यासाचे, दगडाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान नकोत, आणि दगडाकडच्या तोंडाला मधे खोलगा ठेवून फक्त कडेचा भाग टेकू द्या. मग दगड बसवा, मास्तरांनी सांगितलंय तसा एक मिनिट फिरवा आणि पहिलं ड्रेसिंग करा. थोडी थरथर राहिली तर नट ढिला करून दगड पाव फेरा फिरवा, परत आवळा, परत बघा. एखाद्या जागी तो शांत होतो, तिथे दगडावर आणि फ्लँजवर पेन्सिलने खूण करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी काढला तरी तसाच बसवता येईल.