बुडत्या जहाजावर स्वतःची ओळख पटलेले तरुण : अनुभव धागा

मंडळी, टायटॅनिकचा विषय निघाला की हिमनगाची आणि धनाढ्य प्रवाशांची चर्चा होते, पण मला मात्र हॅरॉल्ड ब्राइड आठवतो. १९१२ साली हा बावीस वर्षांचा मुलगा त्या जहाजावर दुय्यम बिनतारी ऑपरेटर होता आणि त्याचा वरिष्ठ जॅक फिलिप्स नुकता पंचविशीत आला होता. १४ एप्रिलच्या रात्री ११.४० वाजता धडक बसल्यानंतर त्यांनी आधी ‘सीक्यूडी’ आणि मग ‘एसओएस’ अशा मदतीच्या बिनतारी हाका दिल्या. कप्तानाने दोघांना कामातून मोकळे केले, तरी फिलिप्स संदेश पाठवतच राहिला आणि काम न थांबवता ब्राइडने त्याच्या अंगावर लाइफबेल्ट बांधला. फिलिप्स वाचला नाही. ब्राइड उलटलेल्या होडीवर तगला आणि मदतीला आलेल्या कार्पेथिया जहाजावर पाय जायबंदी असतानाही वाचलेल्यांचे निरोप पाठवायला बसला. तरुणपणी समुद्रावर आपला स्वभाव ज्यांना नव्याने कळला, त्यांनी येथे अवश्य लिहावे.

निवृत्त रेडिओ ऑफिसर, रत्नागिरी

टायटॅनिकनंतरच, १९१४ च्या करारात, मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी चोवीस तास कान देऊन बसण्याचा नियम आला. माझी नोकरी त्याच परंपरेतली. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल पट्टे असत. त्या वेळात ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या हाका ज्यावर येत त्या लहरींवर, नेहमीचे संदेश पाठवायचे नाहीत, फक्त ऐकायचे. न जाणो, एखाद्या संकटातल्या जहाजाची क्षीण हाक एरवीच्या गलबल्यात हरवलेली असायची. घरी मला सगळे बुजरा म्हणत आणि मीही तेच धरून चाललो होतो. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात एका रात्री तशी हाक खरोखरच आली. मी ठिकाण टिपून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, नेले, पण आम्ही फार लांब होतो, म्हणून जवळच्या जहाजांना ते पुन्हा पुन्हा कळवणे एवढेच माझ्या हाती होते. पहाटेपर्यंत संदेश पाठवायच्या मोर्स कीवरची माझी बोटे एकदाही अडखळली नाहीत. पुढे धावून जाणारा मी नव्हेच, पण माणसे संकटात असताना जागेवरून न हलणारा आहे, हे मला त्या रात्री समजले आणि त्यानंतर बुजरा या शब्दाचे मला कधी वाईट वाटले नाही.

डेक कॅडेटची आई, ठाणे

टायटॅनिकचा सतरा वर्षांचा प्रवासी जॅक थेअर ब्राइडच्याच उलटलेल्या होडीवर होता; त्याचे वडील गेले आणि आईची भेट कार्पेथियावर झाली. वादळातून बाहेर पडल्यावर माझ्या मुलाचा फोन आला, तेव्हा स्वतःबद्दल चकार शब्द न काढता त्याने आधी सोबतच्या मुलाच्या घरी निरोप द्यायला सांगितले. तो मोठा झाल्याचे मला तेव्हा कळले.

माजी मरिन इंजिनिअर, पुणे

टायटॅनिकचा एकही इंजिनिअर वाचला नाही आणि दिवे मात्र जहाज बुडायच्या काही मिनिटे आधीपर्यंत चालू होते. आमच्या इंजिन रूममध्ये आग लागली तेव्हा सेकंड इंजिनिअरमागोमाग मीही उतरलो, सांगितलेले सगळे केले, आग विझली. मात्र त्याच्या चेहऱ्यावर मला जे समाधान दिसले, ते माझ्यात अजिबात नव्हते. धैर्य असणे आणि हे आयुष्य आपले वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वीकारायला मला वेळ लागला. कंत्राट संपवून मी किनाऱ्यावर आलो आणि आता जहाजावर जाणाऱ्या मुलांना बॉयलर शिकवतो.