९ नोव्हेंबरला 'नियतीचा दिवस' म्हणणं थांबवा

पाटीपेन्सिल:
काल इथे ९ नोव्हेंबरला जर्मनीचा 'नियतीचा दिवस' म्हणणारी एक पोस्ट आली. ९ नोव्हेंबर १९१८ ला जर्मन कैसरची गादी गेली, १९२३ ला म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव फसला, १९३८ ला ज्यूंची दुकानं फोडली आणि सिनेगॉग जाळली, १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. खाली निष्कर्ष: 'इतिहास स्वतःच आपल्या तारखा निवडतो.' भराभर वाहवा झाली. उत्तर एका ओळीत मावेना, म्हणून हा धागा.

तारखा माणसं निवडतात. सत्तेत आल्यावर नाझी १९२३ च्या उठावाचा वर्धापनदिन दरवर्षी म्युनिकमध्ये साजरा करत. १९३८ साली त्याच निमित्ताने पक्षाचे जुनेजाणते तिथल्या जुन्या टाउन हॉलमध्ये जेवायला जमले होते. पॅरिसमध्ये गोळ्या लागलेला जर्मन अधिकारी फॉम राथ दगावल्याची बातमी जेवणावळीतच आली. नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सने भडक भाषण ठोकलं आणि जमलेल्या पुढाऱ्यांनी तिथूनच ज्यूंवर हल्ले करायला आपापल्या भागात फोन लावले. पुढे सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. या सगळ्याला 'नियती' म्हटलं की फोन लावणारे नामानिराळे राहतात. माझी चीड त्याची आहे.

१९८९ चं बरोबर उलट. पूर्व जर्मनीतून बाहेर पडण्याचे, प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. पत्रकार परिषदेत 'कधीपासून?' असं विचारल्यावर तिथल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की हातातले कागद चाळत म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. लोक भिंतीच्या नाक्यांवर लोटले. बोर्नहोल्मर श्ट्रासच्या नाक्यावर तिथला अधिकारी हाराल्ड येगर वरून स्पष्ट आदेश मागत राहिला, तो मिळेना, शेवटी त्याने फाटक उघडलं. कागद नीट वाचले गेले असते तर बहुधा तारीख १० पडली असती. एक जुळणी आधीच्या घटनेतून आली, दुसरी घोटाळ्यातून. दोन्ही एका माळेत ओवायच्या कशा?

उंबरठा:
पोस्ट माझीच होती. एवढं चिडायचं कारण कळलं नाही. ११ सप्टेंबर घ्या. १८९३ ला विवेकानंदांचं शिकागोचं भाषण, १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये गांधीजींची सभा, जिथून सत्याग्रह सुरू झाला, १९७३ ला चिलीत लष्कराने अध्यक्ष अय्येंदेंच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले, २००१ तर सगळ्यांना माहीत आहे. शेजारी शेजारी ठेवल्या की माणूस थबकतो. माझ्या मुलीने अशाच एका यादीवरून अय्येंदे कोण हे शोधून काढलं. शाळेच्या पुस्तकाने तिला ते कधीच सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी:
माझे वडील ११ सप्टेंबरला गेले. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, 'अरे, त्याच दिवशी का?' आणि संभाषण न्यूयॉर्कला जातं. वडील बाजूलाच राहतात. तुमच्या माळेतल्या प्रत्येक मण्याचं हेच होतं. चिलीच्या माणसाला विचारा, २००१ नंतर त्याचा दिवस कुणाच्या लक्षात राहिला?

जुनी_जंत्री:
थोडं अवांतर. 'तीच तारीख' म्हणजे कुठल्या कॅलेंडरची? २३ एप्रिल १६१६ ला शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघे गेले असं सर्रास सांगतात. स्पेनने १५८२ मध्येच नवं (ग्रेगोरियन) कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्यावर (ज्युलियन) होतं, आणि ते तेव्हा दहा दिवस मागे चालायचं. म्हणजे शेक्सपिअर दहा दिवसांनी गेला. शिवाय सर्व्हांतेसचा मृत्यू २२ चा, २३ ला दफन, असं अभ्यासक मानतात.

उंबरठा:
धागा ९ नोव्हेंबरचा आहे.

जुनी_जंत्री:
मग ७ नोव्हेंबर घ्या. त्या दिवशी साजरी व्हायची ती 'ऑक्टोबर' क्रांती, कारण रशियात तेव्हा जुन्या कॅलेंडरने २५ ऑक्टोबर होता. आणि गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे तर शिक्षकसुद्धा सांगतात! गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला. न्यूटन इंग्लंडच्या हिशोबाने २५ डिसेंबर १६४२ चा, पण गॅलिलिओच्या इटलीत तेव्हा ४ जानेवारी १६४३ उजाडली होती. वर्षच वेगळं. आत्मा एका देहातून दुसऱ्यात गेल्याचे लेख लोक यावर लिहितात.

रात्रपाळी:
न्यूटनचं मला माहीत नव्हतं. पटलं.

उंबरठा:
प्रत्येक चर्चेत कॅलेंडर घुसडायचं व्यसन आहे का तुम्हाला? दहा दिवसांनी कुणाचं काय बिघडलं?

जुनी_जंत्री:
तुमचा सगळा डोलारा एका दिवसावर उभा आहे. दहा दिवस सरकले की तो कोसळतो. बिघडलं ते एवढं.

उंबरठा:
बरं. मग पाटीपेन्सिल, एवढंच सांगा. तारखेला काहीच अर्थ नसेल तर जर्मनांनी राष्ट्रीय दिवस भिंतीच्या तारखेला न ठेवता ३ ऑक्टोबरला का ठेवला? १९३८ मुळे ९ नोव्हेंबर त्यांना नको होता. म्हणजे अर्थ आहेच.

पाटीपेन्सिल:
३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी कायद्याने एक झाले, तो दिवस त्यांनी घेतला. आणि ९ नोव्हेंबर टाळला तो माणसांनीच, आपल्या बापजाद्यांनी त्या दिवशी काय केलं हे ठाऊक असल्यामुळे. मी दुसरं काय म्हणतोय? तुमच्या पोस्टमध्ये हे असतं तर मी धागा काढलाच नसता.

उंबरठा:
'नियती' काढते. यादी काढणार नाही.

पाटीपेन्सिल:
यादी ठेवा. १९३८ च्या ओळीत जेवणावळ आणि गोबेल्सचं नाव टाका.

जुनी_जंत्री:
आणि २३ एप्रिलची पोस्ट टाकाल तेव्हा दहा दिवसांचं लिहा.