वेरूळचं तिकीट पाचशे करा म्हणणाऱ्यांना

कन्नडकर: काल इथं एकानं लिहिलं, "श्रावणात वेरूळची नुसती जत्रा होते. तिकीट ४० चं ५०० करा, खरे रसिकच येतील." डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन लोक शेजारच्या कैलास लेण्यात येतात, त्यात गैर काय? ते देऊळच आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेलं. माझी आजी थकल्यावर एसटीनं आली होती. अंगणातल्या सोंड तुटलेल्या हत्तीपाशी टेकली आणि म्हणाली, "एवढा दगड फोडला, तर चुरा कोन्या लेकरांनी वाहिला असंल रे?" रसिक अजून वेगळा असतो का? आम्ही पाच जण होतो. अडीच हजार कुठून आणले असते?

रोहिणी_जालना: आजीचं पटतं. पण दगडाचं कोण बघणार? अजिंठ्यात श्वासाच्या वाफेनंसुद्धा चित्रं खराब होतात, म्हणून मोजकीच माणसं आत सोडतात. मग वेरूळला कामून नको?

पैठणचा_मास्तर: आपल्या लोकांना शिस्तच नाही. दिसला खांब की कोर नाव.

कन्नडकर: "आपल्या लोकांना" म्हणू नका. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथनं नाव कोरलंय. फौजेतला गोरा साहेब होता तो.

पैठणचा_मास्तर: म्हणून आपणही कोरायचं? आठवीची सहल नेली होती. एका पोरानं चावीनं भिंत ओरबाडली, मी हात धरला. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत माझ्याशीच भांडायला हजर!

रोहिणी_जालना: बापाचं चुकलंच. पण मास्तर, न्यायच्या आधी वर्गात एक तास तरी लेण्यांबद्दल बोललात का?

पैठणचा_मास्तर: साठ पोरं घेऊन एकदा एसटीत बसा, मग विचारा. (नव्हतो बोललो.)

कन्नडकर: मूळ मुद्द्यावर या. लेणी ३४ आहेत, आणि सगळी झुंबड १६ नंबरात, म्हणजे कैलासात. भर रविवारी ३२ नंबरच्या इंद्रसभेत गेलो, तर आत मी एकटा आणि वर वटवाघळं. तिकीट तेच! गर्दी वाटून द्या, गरिबाला गाळू नका.

रोहिणी_जालना: बरं, राहू द्या ४०. पण कैलासात माणसं मोजूनच सोडायची. यावर मी हटणार नाही.

कन्नडकर: मोजा की. रांगेत आजीही उभी राहिली असती.