मदत हवी आहे : ओबानहून एका दिवसाची शिडाच्या बोटीची सफर, कोणता मार्ग घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी ग्लासगोत राहतो. जूनमध्ये आई-बाबा येत आहेत, त्यांना एक दिवस शिडाच्या बोटीतून स्कॉटलंडचा पश्चिम किनारा दाखवायचा आहे. ओबानला कप्तानासह बोट मिळते आहे. घोडं अडलंय ते मार्गावर.

एक म्हणजे साऊंड ऑफ मलमधून, म्हणजे मल बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून, मलवरच्या टोबरमोरी बंदराला. साधारण २५ सागरी मैल, ५ नॉटने गेलं तर पाच तास. डावीकडे ड्यूअर्टचा किल्ला आणि मलचे डोंगर, उजवीकडे मॉर्व्हर्न, शेवटी धक्क्यावरची रंगीत घरं. परत येताना बसने क्रेगन्युअर, तिथून फेरी. शेवटची फेरी चुकली की मुक्कामच.

दुसरा, केरेरा बेटाला वळसा. दक्षिण टोकाला गायलन किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथे नांगर टाकून जेवायचं आणि संध्याकाळी ओबानला परत.

आईला बोट लागते. बाबा दाभोळचे, खाडीत वाढलेले. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं ते "उधाण आहे की भांग?" (म्हणजे भरती-ओहोटी जोराची की सौम्य) आणि अष्टमीच्या आसपासचा शनिवार धर म्हणाले. तिथी तिकडेही चालेल का? आणि आईच्या दृष्टीने कोणता मार्ग बरा?

प्रतिसाद :
बाबांचं अगदी बरोबर आहे, चंद्र तोच. फक्त भांग अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून नवमी-दशमी धरा. टोबरमोरीला जाताना लिस्मोरच्या दीपगृहापाशी प्रवाह जोरात असतो. समोरून वारा आला की तिथे लाटा उभ्या राहतात. भांगात हा त्रास बराच कमी.

मार्ग मात्र आत्ता ठरवू नका, वाऱ्यावर सोडा. वायव्येचा असला तर साऊंड ऑफ मलमध्ये तो थेट तोंडावर येतो, दोन्हीकडच्या डोंगरांत कोंडून आणखी जोर धरतो. मग केरेराच बरं. नैर्ऋत्येचा असला तर उलट : केरेराच्या दक्षिणेला उघड्या समुद्राची लाट आत शिरते, नांगरावरही बोट डोलत राहते, आणि मलच्या आडोशाने टोबरमोरी सुखाचं. आदल्या संध्याकाळी मेट ऑफिसचा (इथल्या हवामान खात्याचा) किनारी अंदाज बघा, त्यातला 'मल ऑफ किंटायर ते आर्डनामर्खन पॉइंट' हा भाग. दोन्ही मार्गांची तयारी आहे असं कप्तानाला आधीच सांगून ठेवा.

उजेडाची काळजी नको, जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आईंना गोळी निघण्याआधी द्या, बोट हलायला लागल्यावर नव्हे. त्यांना वर, मोकळ्या हवेत, नजर लांब किनाऱ्यावर राहील असं बसवा. आणि चहा करायला म्हणून खाली केबिनमध्ये अजिबात जाऊ देऊ नका.