मदत हवी आहे: मुलगी बालवाडीत सगळं स्वतः करते, पण अक्षरांकडे वळत नाही. शाळा बदलावी का? (ठाणे)

निशिगंधा_ठाणे

नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळजवळ राहतो. मुलगी सव्वाचार वर्षांची आहे आणि जूनपासून जवळच्याच एका छोट्या बालवाडीत जाते. तिथे मॉन्टेसरी पद्धत आहे. साधनं मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या मांडणीवर असतात. मूल आपलं आपण एक उचलतं, चटई अंथरून बसतं, मन भरेपर्यंत करतं आणि परत जागेवर नेऊन ठेवतं. तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात असतात. ताई एखादी गोष्ट सावकाश करून दाखवतात आणि बाजूला होतात.

मला ही शाळा मनापासून पटली आहे. पण घरात शाळा बदलायचा विषय निघालाय आणि लवकरच काय ते ठरवायचंय, म्हणून इथे विचारतेय.

झालंय असं की मुलीने अजून अक्षरांच्या साधनांना हात लावलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिचं मुख्य काम एकच होतं, एका छोट्या जगमधून दुसऱ्यात मुगाची डाळ ओतायची. मध्ये ताईंनी मला कोपऱ्यात बसून बघायची परवानगी दिली. ओतताना तिने जीभ दातांत धरली होती. काही दाणे ट्रेमध्ये सांडले. कुणी काही बोललं नाही. तिने जग खाली ठेवला, सांडलेला एकेक दाणा चिमटीत धरून आत टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून ओतायला घेतलं. एवढ्या वेळात एकदाही तिने शाबासकीसाठी मान वर केली नाही. इतकी एकाग्र झालेली ती मला घरी कधी दिसली नव्हती.

घरी चित्र वेगळं आहे. आम्ही दोघंही नोकरीला जातो, मुलीला सासूबाई सांभाळतात. त्या आहेत म्हणून आमचं घर चालतं, हे आधीच सांगते. पण त्या तिला अजून भरवतात. वरणभात कालवून, हा घास चिऊचा, हा घास काऊचा करत. मोजे-बूटही त्याच घालतात. शाळेत स्वतःची डिश धुणारी मुलगी घरी पाय पुढे करून बसते. मी काही बोलले की त्या म्हणतात, "एवढ्याशा लेकराला आत्तापासून कशाला राबवायचं?" त्यांचं मन दुखावेल असं मला काही करायचं नाही.

त्यात सोसायटीतली तिच्याच वयाची मुलं शंभरपर्यंत अंक लिहितात. नवऱ्याचं म्हणणं असं की सीनियर केजीलाच मोठ्या शाळेत घालून टाकू, पुढे पहिलीला जागा मिळत नाही. एका शाळेत चौकशीला गेलो तर खिडकीवरच विचारलं, "लिहिता किती येतं?"

तर अक्षरांसाठी थांबावं की घरी पाटी-पेन्सिल सुरू करावी? सासूबाईंना न दुखावता घरची रीत कशी बदलावी? आणि मध्येच शाळा बदलली तर मुलांना जड जातं का? सकाळच्या घाईचंही सांगा. तिला स्वतः बूट घालायचे असले तरी खाली व्हॅन हॉर्न वाजवत असते. ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

केतकी_मानपाडा

सकाळचं तेवढं सांगते, बाकी जाणकार लिहितीलच. सकाळी फक्त एकच काम तिचं ठेवा. आमच्याकडे ते बूट घालायचं होतं. वेल्क्रोचे बूट आणले, दाराशी खालच्या कप्प्यात ठेवले आणि बसायला छोटा पाट. दोन्ही बुटांच्या आत एकाच चित्राचे अर्धे-अर्धे तुकडे चिकटवले. बूट शेजारी ठेवल्यावर चित्र जुळलं की डावा-उजवा बरोबर. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवायचे. "काय घालतेस?" असं न विचारता दोनच फ्रॉक समोर धरायचे, त्यातला एक तिने निवडायचा. नवीन काही शिकवायचं ते शनिवारी-रविवारी. घाईत आपला चेहराच असा होतो की मूल हातातलं टाकून देतं.

सुमती_नौपाडा

निशिगंधा, मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहिते.

डाळ ओतणं हे लिहिण्याच्या तयारीतच मोडतं. मनगट वळवायचं, धार आवरायची, डोळा आणि हात एकत्र चालवायचे. सांडलेले दाणे ती ज्या चिमटीने उचलते, त्याच तीन बोटांत पुढे पेन्सिल बसणार आहे. या वयात मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात. म्हणून तर सव्वाचार वर्षांच्या मुलाला पानभर लिहायला लावलं की ते पेन्सिल मुठीत आवळतं, मान वाकडी करतं आणि दुसऱ्या दिवशी वही बघून पळतं. मग ती पकड सुधारायला पुढे पहिली-दुसरीत किती कष्ट पडतात ते मी पाहिलंय.

पण एक गोष्ट ताईंना नक्की विचार. मुलाच्या कलाने घ्यायचं म्हणजे ताईंनी हात बांधून बसायचं, असं नाही. मूल एका कामात मुरलंय हे दिसलं की पुढचं साधन त्याला दाखवणं हे ताईंचंच काम. खरखरीत कागदाची अक्षरं असतात, त्यांवरून दोन बोटं फिरवत उच्चार करायचा. ती त्यांनी तिला दाखवली आहेत का? दाखवली असतील आणि तिने नको म्हटलं असेल तर थांबायला हरकत नाही. दाखवलीच नसतील तर का नाही, हे विचारायचा तुला हक्क आहे. चांगल्या बालवाडीत प्रत्येक मुलाच्या नोंदी असतात. त्या बघायला माग.

घरी पाटी जरूर आण, पण अ आ इ ई गिरवायला नको. उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा, गोल, अर्धगोल काढू दे. ओला बोळा घेऊन गॅलरीच्या फरशीवर काढल्या तरी चालतील. पुढे वळण सारखं असलेली अक्षरं एकत्र घेतात, म्हणून तर आपल्याकडे ग म भ न पासून सुरुवात करतात. आवाजांचे खेळ मात्र आत्तापासूनच खेळा. "क ने सुरू होणारं स्वयंपाकघरात काय काय?" कढई, कांदा, किसणी. लिहिता येण्याच्या आधी आवाज वेगळा काढता यायला हवा.

आता सासूबाई. हे फॅड परदेशातलं आणि पैसेवाल्यांचं, असं त्यांना वाटत असेल तर त्यांना सांग की मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये पहिलं बालगृह उघडलं ते रोममधल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत. आईबाप मजुरीला जायचे आणि पोरं दिवसभर मोकाट असायची, त्यांच्यासाठी. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच काम आदिवासी पाड्यांवर नेलं. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेला. महागडी साधनं परवडणार नव्हती, तर त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं वापरली. मूल शिंपले मोजायचं, बिया जोड्यांनी लावायचं.

त्यामुळे सासूबाईंकडून काही काढून घेऊ नकोस, उलट त्यांना काम दे. मटार सोलणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं, फुलवाती वळणं. यातलं त्यांना जे येतं ते माझ्यासारख्या शिक्षिकेलाही इतकं नीट येत नाही. "आई, तुम्ही हिला शेंगा फोडायला शिकवाल का? शाळेत बोटांची कामं द्या म्हणतात" असं विचार. आजी शिकवणारी झाली की भरवायला हात आपोआपच मोकळा राहत नाही.

अभय_खारघर

सुमतीताईंच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. दुसरी बाजूही लिहितो, कारण आम्ही तिच्यातून गेलोय. आमचा मुलगा अशाच शाळेतून थेट पहिलीला मोठ्या शाळेत गेला. आकलनाचा काहीच प्रश्न आला नाही. गणित त्याला मणी मोजून, हाताळून इतकं पक्कं आलं होतं की हातचा वगैरे समजवावंच लागलं नाही. त्रास झाला तो वेगाचा. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, घंटा झाली की अर्धं राहिलेलं मिटवून दुसरी वही काढायची, पाणी प्यायला विचारून जायचं. पहिले काही महिने रोज रडारड होती. तेव्हा बदल सोपा असतो असं मी म्हणणार नाही. पण तो कधीतरी होणारच असेल तर सीनियर केजीपेक्षा पहिलीला बरा. शेवटच्या वर्षात ही मुलं वर्गात मोठी असतात आणि लहानांना करून दाखवतात. त्या एका वर्षात आमच्या मुलाला जो धीर आला, तो आधी नव्हता.

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १३ सांगतं की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा लावली तर २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५०,०००. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा बालवाडीच्याच गटात. खेळातून, कृतीतून शिकवा असं त्यात स्पष्ट आहे. नवऱ्याला हे दाखवा. "लिहिता किती येतं" विचारणाऱ्या शाळेला हे तोंडावर सुनावावं की नाही ते तुम्ही ठरवा, पण तो प्रश्न ऐकून स्वतःच्या मुलीत काही कमी आहे असं मनात आणू नका.

निशिगंधा_ठाणे

अभय, जागेचं मात्र खरंच अवघड आहे हो. घोडबंदरच्या बऱ्याच शाळांत खालच्या वर्गातली मुलंच पुढे सरकतात. पहिलीला नवीन मुलं घेणार का, याला कुणी सरळ उत्तर देत नाही. नवऱ्याची भीती तीच आहे आणि मला ती चुकीची वाटत नाही.

पारिजात

त्यावर उपाय एकच, लेखी विचारायचं. शाळेला ईमेल करा: यंदा पहिलीत नव्याने किती प्रवेश दिले, पुढच्या वर्षी अर्ज कधी निघणार. आम्ही पाचपाखाडी ते कोलशेत अशी शाळांची यादी करून विचारलं होतं. काहींनी उत्तर दिलं नाही, पण ज्यांनी दिलं त्यांच्याकडे जागा होत्या. दरवर्षी लोकांच्या बदल्या होतात, घरं बदलतात. आणि मराठी माध्यमाच्या शाळांचाही विचार करा. अनुदानित मराठी शाळांत जागा तर मिळतेच, शिवाय काही ठिकाणी पहिली-दुसरीच्या बाई इतक्या छान शिकवतात की आपण उगाच इंग्रजी शाळांच्या रांगेत उभे राहतो असं वाटतं.

आणखी एक. मॉन्टेसरी हे नाव कुणालाही पाटीवर लावता येतं, त्यावर कुणाची मालकी नाही. त्यामुळे इतर वाचकांसाठी: मुलं सलग दोन-अडीच तास आपल्या कामात राहू शकतात का, की दर वीस मिनिटांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोलात बसवतात, ते बघा. निशिगंधाच्या वर्णनावरून तिची शाळा खरी वाटते.

आणि मूल अक्षरांकडे वळत नाही याबरोबरच हाक मारल्यावर लक्ष देत नाही, बोलणं वयाच्या मानाने फार मागे आहे, जिना चढताना किंवा बटण लावताना नेहमीच अडखळतं, असं काही असेल तर वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या मुलीबद्दल असं काही दिसत नाही.

निशिगंधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं पुढे सरकलंय, ते लिहिते.

ताईंशी बोलले. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. खरखरीत अक्षरं तिला दाखवून झाली होती, तिने दोन-तीन उचलून परत ठेवली. पण वहीत असंही लिहिलंय की अलीकडे ती रोज एका मोठ्या मुलाच्या चटईशेजारी मांडी घालून बसते आणि तो अक्षरांवरून बोटं फिरवतो ते बघत राहते. हे मला घरबसल्या कधीच कळलं नसतं. ताई म्हणाल्या, सध्या बघू द्या, तुम्ही घरी आवाजांचे खेळ घ्या. ते सुरू केलेत. काल भाजी बाजारात ती मोठ्याने "भ ने भेंडी, भ ने भोपळा" करत होती.

सुमतीताई, तुम्ही सांगितलंत तसंच सासूबाईंना विचारलं. शेंगांची परात घेऊन दोघी गॅलरीत बसतात. आधी टरफलांचा पसारा व्हायचा. आता एक वाटी दाण्यांना, एक टरफलांना, आणि खवट दाणा आला तर बाजूला, हे सासूबाईंनीच शिकवलं. परवा मुलगी बशीतला पोह्यांचा चमचा स्वतः तोंडात घालत होती तेव्हा त्या बघत बसल्या, मध्ये हात घातला नाही. रात्रीचा वरणभात मात्र आजीच भरवणार, असं आम्ही ठरवून टाकलंय. त्यात दोघींचाही जीव रमतो आणि तो मला मोडायचा नाही.

नवरा सीनियर केजीचं वर्षही याच शाळेत ठेवायला तयार झालाय, पण पहिलीच्या जागेचं काहीतरी हातात असेल तरच. शाळांना ईमेल पाठवायला घेतलेत. म्हणून शेवटचं विचारते: वाघबीळ, कासारवडवली, मानपाडा, वर्तकनगर या भागात गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाच्या मुलाला थेट पहिलीला प्रवेश मिळाला असेल तर शाळा कोणती, माध्यम कोणतं आणि अर्ज साधारण कुठल्या महिन्यात निघाले, एवढं कृपया इथेच लिहा. इतरांनाही उपयोग होईल.