‘प्रिन्सेस’ म्हणजे राजकन्याच का?

मुक्ता
एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करतेय आणि चार दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे. वाक्याचा आशय असा: लोक डायनाला ‘प्रिन्सेस डायना’ म्हणत, पण ते तिचं अधिकृत नाव कधीच नव्हतं, २९ जुलै १९८१ ला लग्न झाल्यापासून ती ‘द प्रिन्सेस ऑफ वेल्स’ होती. मी दोन्हीकडे ‘प्रिन्सेस’ तसंच ठेवलं होतं. संपादकांनी मराठी वाचकांसाठी म्हणून दोन्हीकडे ‘राजकन्या’ केलं. आता वाक्य झालंय: ‘डायना राजकन्या नव्हती, ती वेल्सची राजकन्या होती.’
याला काही अर्थ उरला का? राजकन्या म्हणजे राजाची लेक. डायना अर्ल स्पेन्सर या उमरावांची लेक आणि राजघराण्याची सून. ‘राजस्नुषा’ सुचला, पण तो कीर्तनात शोभेल, पुस्तकात नाही. काय लिहू?

दादरकर
‘प्रिन्सेस डायना’ लिहा आणि पुढे चला. ३१ ऑगस्ट १९९७, रविवारची सकाळ. चाळीच्या गॅलरीत बातमी पसरली तेव्हा आई म्हणाली, ‘प्रिन्सेस डायना गेली रे.’ जिला आयुष्यात कधी पाहिलं नाही तिच्यासाठी शेजारच्या मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांनी दिलेलं नाव तेच खरं नाव. दरबारातले कारकून काय लिहीत होते त्याच्याशी मराठी वाचकाला काय करायचंय?

मुक्ता
दादरकर, पण वाक्यच त्या फरकावर उभं आहे. आणि कारकुनांनी लिहिलेल्या नावाला अर्थ होता. २८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट झाला आणि ती ‘डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स’ झाली. नाव आधी, मग स्वल्पविराम, मग पदवी. ही तिथली घटस्फोटितेची खूण आहे. ‘हर रॉयल हायनेस’ हा राजघराण्याचा मानही गेला. एका स्वल्पविरामात एवढं सगळं बसलंय.

निरुक्त
ताई, मुळात इंग्रजी शब्दातच दोन वाटा आहेत. जी जन्मानं प्रिन्सेस, तिच्या स्वतःच्या नावाआधी पदवी लागते: प्रिन्सेस ॲन, प्रिन्सेस मार्गारेट. जी लग्नानं प्रिन्सेस, तिला नवऱ्याची पदवी मिळते, कधी कधी नवऱ्याचं नावसुद्धा. ‘प्रिन्सेस मायकेल ऑफ केंट’ यांचं स्वतःचं नाव मायकेल नाही, ते नवऱ्याचं आहे.
आता हीच रीत आपल्या घरात बघा. पाटलाची बायको पाटलीण, देशमुखाची देशमुखीण, डॉक्टरची डॉक्टरीणबाई. माझ्या आजीला सगळा गाव मास्तरीणबाई म्हणायचा. ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती, आजोबा मास्तर होते. माझी आत्याही मास्तरीणबाईच, पण ती तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. शब्द एक, वाटा दोन. ‘प्रिन्सेस’ची तीच गत आहे. त्यामुळे लग्नानं आलेल्या प्रिन्सेसला ‘वेल्सची राजकन्या’ म्हणणं म्हणजे पाटलीणबाईंना पाटलाची मुलगी करून टाकणं. भाषांतर सैल झालं एवढ्यावर हे भागत नाही, नातंच चुकतं.

करवीरकर
निरुक्तांशी शंभर टक्के सहमत. आमच्या कोल्हापुरात राजवाड्याबद्दल बोलताना आईसाहेब, आक्कासाहेब अशी नात्याचीच नावं तोंडात येतात. सून कोण आणि लेक कोण, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.
माझं मत: ‘युवराज्ञी’ लिहा. प्रिन्स ऑफ वेल्सला मराठीत पूर्वीपासून युवराज म्हणतात आणि ते नेमकं आहे. युवराज जन्मानं होत नाही, करावा लागतो. रामाच्या यौवराज्याभिषेकाची तयारी चालली होती, तो थोरला मुलगा आधीपासूनच होता. तिकडेही तसंच. चार्ल्स १९५२ मध्ये वारस झाले, प्रिन्स ऑफ वेल्स केलं गेलं २६ जुलै १९५८ ला आणि समारंभ झाला तो १ जुलै १९६९ ला, कॅर्नारव्हनच्या किल्ल्यात. विल्यमना ती पदवी ९ सप्टेंबर २०२२ ला वडिलांनी भाषणातून दिली.

मुक्ता
‘युवराज्ञी’ सुंदर आहे. वाक्य होईल, ‘डायना राजकन्या नव्हती, युवराज्ञी होती.’ कानाला छान, पण मूळ मुद्दा निसटतो. ती प्रिन्सेस होतीच, दर्जा होताच. चूक फक्त पदवीला तिचं नाव जोडण्यात आहे. शिवाय पुढच्याच पानावर चार्ल्स यांची दुसरी पत्नी कॅमिला येते. २००५ पासून तीही कायद्यानं प्रिन्सेस ऑफ वेल्सच होती, पण वापरायची ‘डचेस ऑफ कॉर्नवॉल’. तिथे युवराज्ञी लिहिलं तर वाचक गोंधळेल. आणि ग्लॉस्टरची डचेस ॲलिस! ती लग्नानं आलेली, तरी १९७४ मध्ये नवरा गेल्यावर राणीनं तिला ‘प्रिन्सेस ॲलिस’ म्हणवून घ्यायची परवानगी दिली. म्हणजे नियमाला अपवादही आहे.

अण्णा वाईकर
एवढा काथ्याकूट चाललाय तर मुळातली चूक आधी सुधारा. आपण सगळे ‘इंग्लंडची राणी’ म्हणतो. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाल्यावर त्या नावाचं पदच उरलं नाही. शेवटची इंग्लंडची राणी ॲन. राणी एलिझाबेथचे पती फिलिप यांचंही तसंच. ग्रीसच्या घराण्यातलं प्रिन्सपद त्यांनी सोडलं, १९४७ मध्ये ते ड्यूक ऑफ एडिंबरा झाले, पण ब्रिटनचं प्रिन्सपद थेट २२ फेब्रुवारी १९५७ ला मिळालं. मधली सव्वानऊ वर्षं जग त्यांना ‘प्रिन्स फिलिप’ म्हणत होतं आणि जग चुकत होतं.
आणखी एक, जे मला फार खुपतं: ‘एलिझाबेथ दुसरी’. हा इंग्रजी क्रम आहे. मराठीत क्रमांक आधी येतो. दुसरा बाजीराव. पंचम जॉर्ज. आपल्या वाडवडिलांनी परक्या राजालाही आपल्या व्याकरणात बसवलं आणि आपण आपल्या तोंडात त्यांचं व्याकरण घेतलंय. ‘दुसरी एलिझाबेथ’ म्हणा.

दादरकर
अण्णा, ‘दुसरी एलिझाबेथ’ म्हटलं की मला दुसरेपणावर दिलेली वाटते. ‘एलिझाबेथ दुसरी’ आता रुळलंय, राहू द्या.

निरुक्त
अण्णांचा क्रमांकाचा मुद्दा मला पटतो. ‘इंग्लंडची राणी’ मात्र सोडायला तयार नाही. माझ्या पणजीच्या डब्यात दोन राणीछाप रुपये होते. एक १८६२ चा, त्यावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’. दुसरा १८८० नंतरचा, त्यावर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. कारण १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. त्याच दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. सरकारनं ‘कैसर-ए-हिंद’ अशी पदवीही चालवली. एवढा थाट करून पणजीच्या डब्यातला रुपया काय राहिला? राणीछाप! ‘सम्राज्ञीछाप रुपया’ कुणाच्या तोंडी आला नाही. लोक पदवी ऐकत नाहीत, बाई बघतात.

माहीमकर
पदव्यांचं चाललंय म्हणून आमच्या रस्त्याचं सांगतो. लेडी जमशेटजी रोड, आम्ही म्हणतो एल. जे. रोड. या बाई आवाबाई, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. माहीमच्या कॉजवेसाठी त्यांनी पैसे दिले. इंग्रजी रीत अशी, की ‘सर’ लागतो नावाला आणि ‘लेडी’ लागतं आडनावाला. म्हणजे सर जमशेटजी बरोबर, पण त्यांच्या पत्नी लेडी जीजीभॉय. रस्त्याच्या पाटीवर मात्र ‘लेडी’पुढे नवऱ्याचं नाव बसलंय, आणि जमशेटजी तर १८५७ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेनं ‘सर’, झालेले पहिले भारतीय! उलट डायना लग्नाआधी ‘लेडी डायना’ होती ते बरोबर, कारण अर्लच्या मुलीला स्वतःच्या नावाआधी लेडी लागतं. पुण्यात ‘लेडी प्रेमलीला ठाकरसी’ म्हणतात तेही त्या नियमात बसत नाही. सर विठ्ठलदासांच्या पत्नी म्हणून त्या ‘लेडी ठाकरसी’. पण मला ‘लेडी प्रेमलीला’च आवडतं. विद्यापीठ चालवणाऱ्या बाईचं नाव तरी राहतं त्यात.
आणि निरुक्त, राणी म्हटली की आमचा राणीचा बाग विसरू नका.

अण्णा वाईकर
‘राणीची बाग’. बाग स्त्रीलिंगी आहे. फुलबाग फुलली, फुलला नाही.

माहीमकर
अण्णा, भायखळ्याला जन्मभर ‘राणीचा बाग’च ऐकलाय. आजोबा रविवारी म्हणायचे, ‘चला, राणीचा बाग बघायला.’ पाटीवर आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी बसमध्ये कंडक्टरला लोक राणीबागच सांगतात.

करवीरकर
शब्द फारसी, तिकडून आला तेव्हा लिंग घेऊन आला नाही. हिंदीनं पुल्लिंग केला, आपण दोन्ही चालवतो. आंब्याची बाग स्त्रीलिंगी, पण मोठा, कुंपणाचा, सरकारी असला की ‘तो बाग’ असं मला जाणवतं.

दादरकर
मोठा झाला म्हणून पुल्लिंग? मग चौपाटी का नाही झाली?

मुक्ता
मंडळी, हस्तलिखित उद्या द्यायचंय. सध्या असं लिहिलंय: ‘लोक तिला प्रिन्सेस डायना म्हणत. दरबारी कागदांत घटस्फोटापर्यंत ती नुसती वेल्सची प्रिन्सेस होती. तिथे तिचं नावच नव्हतं.’ निरुक्तांची पाटलीण तळटीपेत घेते. पण आता नवीन अडचण आली आहे. संपादक म्हणतात, राणीबद्दल पुस्तकभर ‘त्या’ आहे, मग डायनाबद्दल ‘ती’ का?

निरुक्त
‘ती’च ठेवा. ‘त्या गेल्या’ असं त्या रविवारी कुणी म्हणालं नव्हतं.

अण्णा वाईकर
‘त्या’ हवं. सार्वजनिक व्यक्ती आहे, मरण पावलेली आहे. पण माहीमकर, आजोबा ‘बाग बघायला’ म्हणायचे की ‘बागेत जायला’? ‘बागेत’ म्हणत असतील तर स्त्रीलिंगच झालं ते.

माहीमकर
‘राणीच्या बागात’ म्हणायचे. आईला आत्ता फोन करून विचारलं, तीही ‘बागात’च म्हणाली.