रिफ्लेक्टरच्या गाडीत झेनॉन प्रोजेक्टर: सुधारणा की समोरच्याला ताप?

आंबोलीवाट:
माझी हॅचबॅक २०१३ ची असून तिला ६०/५५ वॅटचे एच-४ हॅलोजन दिवे आहेत (एकाच बल्बमध्ये अप्पर म्हणजे लांबचा झोत आणि डिपर म्हणजे जवळचा, खाली झुकलेला झोत). दर पंधरवड्याला कोल्हापूरहून आजरामार्गे सावंतवाडीला जाताना आंबोली घाट बहुधा रात्रीच लागतो, आणि पावसाळ्यात ओला डांबरी रस्ता दिव्यांचा प्रकाश अक्षरशः गिळून टाकतो. त्यामुळे मूळ हेडलाइट उघडून त्यात अडीच इंची बाय-झेनॉन प्रोजेक्टर (अप्पर-डिपर दोन्ही देणारा, भिंगातून प्रकाश टाकणारा झेनॉन दिवा) बसवण्याचे मी ठरवले आहे. एच-४ चा डिपर सुमारे १,००० ल्युमेन (प्रकाशाचे माप) प्रकाश देतो, तर ३५ वॅटचा डी-२-एस झेनॉन बल्ब सुमारे ३,२०० ल्युमेन देतो, तेही कमी वीज घेऊन. झेनॉन बदनाम झाला तो रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे दिव्याच्या चकचकीत परावर्तक वाटीत, नुसता बल्ब बदलून बसवणाऱ्या स्वस्त किटांमुळे. हॅलोजनच्या तारेसाठी आखलेल्या वाटीत झेनॉनची ठिणगी ठेवली की प्रकाश चहूकडे उधळतो. प्रोजेक्टरमध्ये भिंगामागचा पडदा प्रकाशाची वरची कड कापतो, म्हणून हा बदल समोरच्या चालकालाही सुखाचाच ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

दिवाभीत:
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. युरोपीय नियमांत २,००० ल्युमेनपेक्षा प्रखर स्रोत डिपरला वापरायचा असेल, तर दिव्यांची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे केले गेले. त्याला कारण होते. चिखलाने माखलेल्या काचेवर प्रकाश विखुरतो आणि तुमच्या त्या पडद्याचा काही उपयोग राहत नाही. आपल्या घाटात जून ते सप्टेंबर काच स्वच्छ राहते का, हे आपणच सांगावे. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच, आणि अपघातानंतर विमा कंपनीशी हुज्जत घालण्याची हौस मला तरी नाही.

आणखी एक हिशेब मांडतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंमी उंच असेल आणि प्रकाशाची कड १० मीटरला १० सेंमी या उताराने लावली असेल, तर ती रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. बल्ब हॅलोजन असो वा झेनॉन, हे अंतर बदलत नाही. उजेड वाढल्याने वेग मात्र वाढतो.

तारजोड्या:
मी अशा काही गाड्यांचे काम केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या जवळून पाहिल्या आहेत. दिवाभीत यांचा हिशेब सपाट कडेपुरता बरोबर आहे, पण डिपरची कड सपाट नसते. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून ती डाव्या बाजूला वर चढते आणि कडेचा पादचारी, मैलाचा दगड किंवा म्हैस लांबून दिसते. इथेच लोक फसतात. भंगारातले परदेशी प्रोजेक्टर बहुधा उजवीकडून चालणाऱ्या रहदारीचे असतात, त्यांची चढती कड नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. माझ्याकडे एक गृहस्थ अशी जोडी बसवून आले होते आणि समोरचे सगळे आपल्याला अप्पर का मारतात, हे त्यांना कळत नव्हते. तेव्हा निवडताना डाव्या रहदारीचाच प्रोजेक्टर घ्यावा, आणि बल्ब ४,३०० केल्विनचा (हा आकडा उजेडाचा रंग सांगतो). ६,००० चा निळसर उजेड दुकानात ऐटदार दिसतो, पण तो प्रत्यक्षात कमी पडतो आणि डोळ्यांना जास्त खुपतो.

हेडलाइट उघडताना हीट गन सबुरीने वापरावी आणि जुना डिंक पूर्ण काढून नवा ब्युटाइल पट्टा भरावा, नाहीतर पहिल्याच पावसात आत वाफ धरते. झेनॉन पेटवणारा बॅलास्ट सुरुवातीला २० हजार व्होल्टच्या वर झटका देतो, त्यामुळे त्याचे जोड ओलाव्यात उघडे ठेवणे म्हणजे खेळ नव्हे.

जुनीचाल:
एवढा खटाटोप करण्याआधी बल्बच्या टोकाशी व्होल्टमीटर लावून पाहिला आहे का? जुन्या गाडीत बारीक वायर आणि झिजलेले स्विच यांतून १३.५ ऐवजी १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर हॅलोजनचा प्रकाश सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. बॅटरीपासून जाड वायर घेऊन रिले (विजेवर चालणारा स्विच) लावला की काम होते. खर्च फारच कमी येतो आणि दिवा उघडावा लागत नाही.

आंबोलीवाट:
रिलेचा मुद्दा मान्य आहे, तो मी आधी करून पाहीन. परंतु एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते आणि तिच्यामुळे रिफ्लेक्टरचा खालचा भाग डिपरला वापरलाच जात नाही. व्होल्टेज पूर्ण दिले तरी ही मर्यादा सुटत नाही. प्रोजेक्टरने पल्ला वाढत नाही, हे दिवाभीत यांचे म्हणणे बव्हंशी स्वीकारतो, पण वळणावर मला रुंदी हवी आहे, पल्ला नव्हे.

दिवाभीत:
मग रुंदीसह प्रखरताही आलीच. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना मागची बाजू ३ सेंमी दबली, तर अडीच मीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर) गाडीचे नाक एवढे वर होते की १० मीटरवर ती कड १२ सेंमी चढते. आपण ठेवलेला उतार होता १० सेंमीचा! म्हणजे धारदार कड आता क्षितिजाच्या वर गेली, आणि तिच्या खालचा प्रकाश हॅलोजनच्या तिप्पट आहे.

आंबोलीवाट:
हा हिशेब मी केला नव्हता, हे प्रांजळपणे सांगतो. माझ्या गाडीत ० ते ३ आकड्यांचे, दिव्यांच्या झोताची उंची जुळवणारे छोटे चाक आहे, आणि हा प्रोजेक्टर रिफ्लेक्टरच्या वाटीलाच आवळला जात असल्याने तिची मोटर त्यालाही हलवते.

जुनीचाल:
ते चाक आपण शेवटचे कधी फिरवले होते?

आंबोलीवाट:
गाडी घेतली त्या दिवशी. या रविवारी आधी रिले बसवतो, आणि मग गाडी भरून भिंतीसमोर १० मीटरवर उभी करतो. चाक ३ वर नेऊनही आत्ताची हॅलोजनची कड दिव्याच्या उंचीखाली येत नसेल, तर प्रोजेक्टरची मागणी रद्द करीन.